शाहू स्टेडियमच्या गॅलरीखाली एक खोली द्या

महोदय,

कोल्हापूरच्या फुटबॉलचं संग्रहालय व्हावं आणि ते शाहू स्टेडियममध्येच व्हावं, ही मागणी मी या पत्रातून करते आहे. उरुग्वेची राजधानी माँटेव्हिडिओ इथलं असं संग्रहालय मी नुकतंच पाहून आले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

माझी मुलगी नोकरीनिमित्त तिकडे गेली आणि तिथल्याच मुलाशी तिचं लग्न झालं. आमचे व्याही आणि विहीणबाई दोघंही पिढीजात माँटेव्हिडिओकर. त्यांनी आम्हाला हॉटेलात उतरूच दिलं नाही. सकाळी उठलं की 'माते'. दुधीसारख्या वाळलेल्या फळाचा छोटा तुंबा, त्यात कडवट पाल्याचा चुरा, वर गरम पाणी, आणि धातूच्या एकाच नळीतून घरातल्या सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. उष्ट्याचा विचार माझ्या मनात आला, पण विहीणबाईंनी घरचं माणूस समजून तुंबा हातात दिला होता, मी प्याले. रविवारी परसात निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत असतो. आम्ही बीफ खात नाही हे मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून व्याह्यांनी आमच्यासाठी कोंबडी, ढोबळी मिरची आणि चीजची जाड चकती वेगळ्या जाळीवर भाजली. जाळी वेगळी आहे हे त्यांनी मला मुद्दाम दाखवलं. परक्या देशात कुणी इतकं जपावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

त्या घरात व्याही पेन्यारोलचे आणि विहीणबाई नासिओनालच्या. हे दोन क्लब म्हणजे तिथली खरी ईर्षा. मंगळवार पेठेची मुलगी शिवाजी पेठेत दिली की मॅचच्या दिवशी त्या घरात काय होतं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मात्र राष्ट्रीय संघाच्या आकाशी जर्सीचा विषय निघाला की दोघं एका सुरात बोलायला लागतात, आणि 'सेंतेनारिओ' स्टेडियम पाहायलाही दोघं मिळूनच आम्हाला घेऊन गेले.

पहिला वर्ल्ड कप १९३० साली उरुग्वेत झाला, त्याची फायनल याच मैदानावर खेळली गेली. देशाच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षं झाली म्हणून स्टेडियमचं नाव सेंतेनारिओ. स्पर्धा १३ जुलैला सुरू झाली तेव्हा बांधकाम पुरं झालेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्या मॅच शहरातल्या दुसऱ्या मैदानांवर घ्याव्या लागल्या. १८ जुलैला इथे पहिली मॅच झाली, पेरूविरुद्ध, आणि उरुग्वे एक गोलने जिंकलं. १९८३ साली फिफाने या स्टेडियमला जागतिक फुटबॉलचं ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर केलं.

संग्रहालय आहे ते गॅलरीच्या खालीच. जुन्या जर्सी, चामड्याचे बूट, करंडक, आणि भिंतींवर फोटोच फोटो. व्याही एक्टर कास्ट्रोच्या फोटोसमोर थांबले. मुलगी मध्ये दुभाष्या. कास्ट्रोचा उजवा हात तेराव्या वर्षी विजेच्या करवतीत गेला. त्याच माणसाने या मैदानावरचा पहिला गोल मारला, आणि ३० जुलैच्या फायनलमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध ४-२ असा शेवटचा गोलही त्याचाच. त्या फायनलला चेंडू कोणाचा यावरून दोन्ही संघांचं जमेना, म्हणून पहिला हाफ अर्जेंटिनाच्या चेंडूने आणि दुसरा उरुग्वेच्या चेंडूने खेळवला. व्याही हे सगळं असं सांगत होते की जणू कास्ट्रो त्यांच्याच गल्लीत राहत होता. वास्तविक त्यांचा जन्मही तेव्हा झालेला नव्हता. त्यांना हे त्यांच्या वडिलांनी याच भिंतीपुढे उभं करून सांगितलं आणि आता ते आमच्या नातवाला सांगतात.

तिथून आम्ही बाहेर गॅलरीत आलो. मैदान रिकामं होतं. समोरच्या स्टँडांची नावं व्याह्यांनी बोट करून सांगितली, त्यांत एक 'कोलोंब' आणि एक 'ॲमस्टरडॅम'. १९२४ आणि १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये उरुग्वेने फुटबॉलची सुवर्णपदकं जिंकली, ती पॅरिसजवळच्या कोलोंबला आणि ॲमस्टरडॅमला. पोराने बापाला विचारलं, की या स्टँडला असं नाव का, की इतिहास आपोआप सांगितला जातो.

उरुग्वेची लोकसंख्या आहे सुमारे ३५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपला एकटा कोल्हापूर जिल्हा ३८ लाखांच्या पुढे होता. तेव्हा माणसं कमी पडतात असं आपण म्हणू शकत नाही, आणि वेड तर मुळीच कमी नाही. वर्ल्ड कप आला की आपल्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिनाच्या झेंड्यांनी भरून जातात. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही आपल्या टीमची नावं इथल्या लहान पोराला तोंडपाठ असतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आपल्याच मातीतला.

आणि आपण ठेवलं काय आहे? माझे वडील साठच्या दशकात पेठेच्या टीममध्ये बॅक खेळायचे. त्यांच्या टीमचा फोटो एका तालमीत अजून आहे. काचेच्या आत ओल शिरून खालची बाजू पिवळी पडली आहे. मागच्या रांगेतल्या चौघांची नावं मी तिथल्या जुन्या मंडळींना विचारली, कुणालाच सांगता आली नाहीत. पलीकडे पोत्यात भरून ठेवलेल्या शिल्डा होत्या, त्यांवरची अक्षरं पुसट झालेली. मी कुणाला दोष देत नाही. तालमीची पोरं वर्गणी काढून टीम चालवतात, त्यांनी बूट आणायचे की कपाट आणायचं? पण ज्यांनी ते फुटबॉल पाहिलं ती माणसं दर वर्षी कमी होत आहेत, आणि याला आता थांबायला वेळ नाही.

खर्चही फार नाही. केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन), महापालिका आणि सगळ्या तालमींनी एकत्र बसावं. गॅलरीखालची एक कोरडी खोली, काचेची कपाटं, प्रत्येक फोटोखाली नावं. जे जुने खेळाडू हयात आहेत त्यांचं बोलणं मोबाईलवर का होईना रेकॉर्ड करून ठेवावं, हे काम तर उद्याच सुरू करता येईल. कॉलेजच्या मुलांना पाठवा, म्हातारी माणसं आनंदाने बोलतील. वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत मॅचचे वृत्तांत आहेत, ते आपल्यासारख्या दैनिकांनी काढून द्यावेत. मुलींच्या फुटबॉललाही त्या खोलीत सुरुवातीपासून जागा हवी. आणि स्टेडियमच्या एखाद्या गॅलरीला जुन्या खेळाडूचं नाव द्यावं. कोणाचं, यावरून पेठापेठांत वाद होईल. होऊ द्या, त्या वादातच चार विसरलेली नावं पुढे येतील.

वडिलांचे खेळायचे बूट, जिंकलेल्या फायनलनंतर मिळालेला स्टीलचा तांब्या आणि टीमचे दोन फोटो माझ्याकडे आहेत. संग्रहालय होणार असेल तर ते मी आज द्यायला तयार आहे. ते कुणाकडे आणून द्यायचे, एवढं संबंधितांनी आपल्याच सदरातून कळवावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर