नानांच्या कागदाबद्दल

प्रिय अरुण,

सव्वा वर्ष झालं तुला लिहून. मध्यंतरी दोनदा कागद घेऊन बसलो आणि दोन्ही वेळा नुसती तारीख घालून उठलो. फोनवर आपलं "काय चाललंय", "बरं चाललंय" होतं, पण आजचं हे फोनवर बोलण्यासारखं नाही. माझी तब्येत ठीक. साखर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच. आईला अलीकडे काही म्हणजे काही ऐकू येत नाही, फक्त तुझा फोन आला की दुसऱ्या खोलीतून नेमकं ऐकू येतं.

पम्याचा अपघात झाला. सद्याने सांगितलं असेलच, पण सद्या सांगतो ते नेहमी अर्धं असतं, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

अकरा आठवडे झाले. काम उरकून रात्री साडेनऊच्या सुमारास मोटारसायकलवरून येत होता. महामार्गावर एक मालट्रक पाटा तुटून उभा होता, अर्धा डांबरावर, अर्धा खाली. दिवे बंद. मागच्या परावर्तक पट्ट्यांवर चिखलाचा थर. धोक्याचा त्रिकोण नाही. ड्रायव्हरने काय केलं होतं, तर मागे तीन दगड मांडले आणि एक झाडाची फांदी टाकली. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पम्याच्या डोळ्यांवर आले आणि तो सरळ दगडांवर आणि तिथून ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर गेला. डावी मांडी, गुडघा, घोटा. मांडीत रॉड आहे. गुडघा आता पूर्वीसारखा वाकणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. वायरमनचा गुडघा, अरुण. शिडीवर चढणार कसा?

जीव मात्र आहे तस्साच. पायाला वजन लावून पडलेला असताना त्याने वॉर्डबॉयला सूचना देत देत डोक्यावरचा घरघरणारा पंखा दुरुस्त करून घेतला. सिस्टर म्हणाल्या, यांना घरी सोडू नका.

तर पहिली गोष्ट. फिर्यादीत लिहिलं गेलं होतं, "मोटारसायकलस्वाराने उभ्या ट्रकला पाठीमागून धडक दिली." वाक्य वाचून मला वाटलं, संपलं, चूक आपल्याच माणसाची ठरली. धडक मागूनच दिली होती ना. पण उभा ट्रक कसा उभा होता हे त्या वाक्यात कुठेच नव्हतं. दगडांचा फोटो एका पोराने काढला होता. पम्याला रिक्षात घालणारा तोच. पोलिसांचं झंझट नको म्हणून नाव सांगायला तयार नव्हता. त्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ दाखवलं. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही ते त्याच्या मर्जीवर. वाचून झाल्यावर तो आपण होऊन जबाब द्यायला आला. त्या फोटोत फांदीची पानं अजून हिरवी आहेत, मागचा दिवा चिखलाने बुजलेला आहे आणि मधल्या दगडाला पम्याच्या गाडीचा निळा रंग लागलेला आहे. मी पुरवणी जबाब दिला, घटनास्थळ पंचनाम्यात दगडांची नोंद आहे ना ते पाहिलं, ट्रक मालकाच्या ताब्यात परत जायच्या आत आरटीओची तपासणी झाली ना ते पाहिलं. एकदा गाडी सुटली की दिवे नवे, पट्ट्या नव्या.

तुला वाटेल, विजूला हे सगळं कुठून सुचलं. मला काही सुचलं नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या यादीतल्या एक वकीलबाई आहेत, त्यांनी सुचवलं. अपंगत्व आलेल्या माणसाला तिथे मोफत वकील मिळतो, बायकांना आणि कमी उत्पन्नवाल्यांनाही. त्यांच्याकडे जायच्या आधी तिसऱ्याच दिवशी दवाखान्याच्या जिन्यात एक गृहस्थ भेटले होते. हातात फायलींचा गठ्ठा. "खर्च आमचा, मिळेल त्यातले तीस टक्के द्या." मी जवळजवळ हो म्हणालो होतो. वकीलबाई भडकल्याच. वकिलाने निकालातल्या रकमेवर हिस्सा ठरवायचा नाही असा बार कौन्सिलचा नियमच आहे, आणि तो जिन्यातला माणूस तर वकीलही नव्हता.

त्यांनी पहिल्या भेटीत काय मागितलं असेल? पम्याची कामाची वही. तीच, तू ज्या वहीला "पम्याचं पंचांग" म्हणायचास. कुणाचा मीटर, कुणाची मोटार, किती घेतले, किती उधार. आयकराचा कागद नाही त्याच्याकडे, म्हणून ती वहीच पुरावा. तिच्यावरून महिन्याचे १८,००० धरले तर वर्षाचे २,१६,००० होतात. पुढे कमाई वाढली असती म्हणून चाळिशीच्या आतल्या, स्वतःचं काम करणाऱ्या माणसाला त्यात ४० टक्के मिळवतात. हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातलं. झाले ३,०२,४००. मग वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. पम्या ३८ चा, ३६ ते ४० वयाला गुणक १५, तो २००९ च्या सरला वर्मा निकालातला. ४५,३६,०००. आता त्याची कमावण्याची ताकद जितके टक्के गेली, तितके टक्के यातले त्याचे. दवाखाना, औषधं, सोसलेलं दुखणं, हे वेगळं.

आणि इथे मला अख्ख्या प्रकरणातली सर्वात महत्त्वाची गोष्ट कळली. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्व ४० टक्के येईल असं दिसतं. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी. त्यांचंच उदाहरण आहे: डावा हात गेलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के जाते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. म्हणजे तसाच गुडघा माझा गेला असता तर मी खुर्चीत बसून जमाखर्च लिहीत राहिलो असतो. पम्याचं तसं नाही. ४० टक्के धरले तर १८,१४,४०० आणि अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने ७० मानले तर ३१,७५,२००. म्हणून साक्षीच्या वेळी कुणीतरी उभं राहून सांगायला हवं की वायरमन दिवसभर नेमकं करतो काय.

पैसे देणार कोण हाही गुंताच आहे. ड्रायव्हर गावी निघून गेला. ट्रकच्या आरसी बुकावर ज्याचं नाव आहे तो म्हणतो, मी दोन वर्षांपूर्वीच विकला, माझा संबंध नाही. वकीलबाई म्हणाल्या, संबंध आहे. नाव बदललं नाही तर कायद्याला नोंदणीतलाच मालक ओळखतो, २०१८ चा नवीनकुमार निकाल. म्हणून ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी, तिघेही जाबदार. कंपनी कदाचित म्हणेल, ड्रायव्हरचं लायसन्स जड वाहनाचं नव्हतं. तरी जखमीला सहसा मोकळ्या हाताने परतावं लागत नाही. आधी तुम्ही भरा आणि मग मालकाकडून वसूल करा, असा आदेश न्यायाधिकरण देऊ शकतं. २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून हे चालत आलंय. आणि पम्याचा वेग जास्त होता, असं ते म्हणणारच. त्याचीही थोडी चूक ठरली तर तेवढा हिस्सा कापला जाईल, दावा बुडणार नाही. हेल्मेट होतं डोक्यावर, तुझी शपथ. तूच दिलेलं, ते भडक पिवळं, ज्यावरून मी त्याला सहा महिने चिडवलं. आता चिडवणार नाही.

इथवर तुला वाटलं असेल की मी वकिली शिकलो हे दाखवायला पत्र लिहितोय. खरं आता सांगतो.

गेल्या मंगळवारी ट्रकच्या सध्याच्या मालकाकडून एक माणूस आला. नम्र, मला "दादा, दादा" करत होता. तीन लाख देतो, दोन आत्ता रोख. केस केलीत तर दहा वर्षं चपला झिजतील. मग स्टॅम्पपेपर काढून माझ्यापुढे ठेवला. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला थांबलो. "आमची आता कसलीही तक्रार उरलेली नाही व पुढे कोणत्याही कोर्टात दाद मागणार नाही."

अरुण, हे वाक्य मी पूर्वी मोठ्याने वाचलेलं आहे. १९९८ साली, नाना ट्रकच्या अपघातात गेले तेव्हा, तुमच्या ओटीवर, आक्कांसमोर. तेव्हा ४०,००० होते. तू शेतावर गेला होतास. आक्का मला म्हणाल्या, "विजू, तू शिकलेला, तूच सांग." आणि मी सांगितलं, सही करा, गेलेला माणूस काही परत येत नाही. त्यांचा हात थरथरत होता म्हणून कागद खालून मीच धरला होता. तू परत आलास तेव्हा तो माणूस निघून गेला होता. सद्याच्या लग्नात तू मला सगळ्यांदेखत जे बोललास त्याचा मी तीन वर्षं राग धरला. मला वाटायचं, मी त्या घराला चार पैसे लवकर मिळवून दिले आणि हा उपकार विसरला.

त्या ट्रकचा विमा होता का, हे आपण कुणी विचारलंसुद्धा नाही. कायदा तेव्हाही तोच होता, १९८८ चा. तिसऱ्या पक्षाचा विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणायला तेव्हाही बंदी होती. मी बी.कॉम. झालो होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं.

पुढचं लिहायला मला फार जड जातंय. हल्ली दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, १ एप्रिल २०२२ पासून. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसायचं नाही असं वकीलबाईंनी बजावलंय. मी सहज विचारलं, त्याआधी किती होती? त्या म्हणाल्या, नव्हतीच. १४ नोव्हेंबर १९९४ ला मुदतीची अट काढून टाकली होती. म्हणजे नाना गेले तेव्हा नव्हती, तू मला बोललास तेव्हा नव्हती, आपण पुन्हा बोलायला लागलो, तुझं लग्न झालं, मुलगी शाळेत गेली, तेव्हाही नव्हती. जवळजवळ चोवीस वर्षं दार उघडं होतं. त्या कागदावरून वाद झाला असता, पण दावा आत घ्यायला कुणाची ना नव्हती. मी मात्र सही झाली म्हणजे विषय संपला असं धरून बसलो आणि तुलाही तेच सांगत राहिलो. आता काही करता येईल का, तेही विचारलं. फार कठीण आहे, खोटी आशा लावणार नाही, असं त्या म्हणाल्या. नानांचं वय आणि पगार घालून मी हिशेब मांडलाय. तू मागितलास तरच आकडा सांगेन.

तू तेव्हा बरोबर होतास. एवढंच लिहायला सव्वा वर्ष लागलं असं म्हणणार होतो, पण खरं तर पंचवीसहून जास्त लागली.

आता काम. पम्या सही करायला निघालाय. त्याचं चुकतं असं मी तोंडावर म्हणू शकत नाही. अकरा आठवडे वहीत एक ओळ पडलेली नाही, आणि दोन लाख समोर दिसताहेत. कलम १६४ खाली चूक कुणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, तेही त्याला कुणीतरी सांगितलंय. पण ते स्वीकारले की कलम १६६ चा मोठा दावा संपतो, हे सांगणाऱ्याने सांगितलं नाही. घरखर्चाचं मी बघतो म्हणालो तर त्याला ते लागलं. माझं ऐकत नाही. "तू आक्कांनाही असंच शहाणपण शिकवलं होतंस" असं म्हणाला, आणि मला उत्तर देता आलं नाही.

तुझं ऐकेल. नानांचा मुलगा सांगतोय म्हटल्यावर ऐकेल. पत्र मिळालं की त्याला फोन कर. केस कर असं सांगू नकोस, त्याने तो चिडतो. त्या ४०,००० चं काय झालं, किती दिवस पुरले, तेवढंच सांग. तो माणूस शनिवारी परत येणार आहे.

तुझ्या बदलीचं काय झालं? मुलीच्या निकालाचं कळव; ती तुझ्यासारखी गणितात कच्ची निघाली नसेल तर पेढ्यांवर माझा हक्क आहे. वहिनींना नमस्कार. आक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. त्यांना मी स्वतः येऊन सांगणार आहे, आणि तेव्हा तू घरात असावंस एवढी माझी इच्छा आहे.

तुझा,
विजू

ता. क. पम्याने विचारलंय, पिवळं हेल्मेट फुटलं, दुसरं कधी पाठवतोस.