जोडणीचा कागद खोक्यातच हवा

संपादक महोदय,

कपाट, टेबल अशा घरी जोडायच्या वस्तूंसोबत येणारी छापील माहितीपत्रिका गायब होऊ लागली आहे. खोक्यावर नुसता क्यूआर कोड असतो. कागद वाचतो, मान्य. व्हिडिओत अवघड पायरी चटकन कळते, हेही खरे. पण एका हाताने फळी सावरलेली, दुसऱ्यात पाना, आणि नेमका तेव्हाच मोबाइलचा स्क्रीन बंद होतो. शिवाय एवढ्याशा स्क्रीनवर लांब आणि आखूड स्क्रूमधला फरक ओळखायचा कसा?

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला, तोही वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी. योग्य प्रकारे बनवला तर सुमारे ३० टक्के खराब होऊनही तो वाचता येतो. पण त्यात सहसा असतो फक्त वेबसाइटचा पत्ता. कंपनीने ते पान काढून टाकले की शाबूत कोडही निरुपयोगी! आणि खोके तर लगेच रद्दीत जाते. पुढे घर बदलताना कपाट सुटे करायचे तर कोड शोधायचा कुठे?

आकृती, सुट्या भागांची यादी आणि कपाट भिंतीला पक्के करण्याची सूचना एका पानावर सहज मावते. तेवढे छापावेच. कोड द्यायचा तर वस्तूच्याच मागच्या बाजूला चिकटवावा.

– एक वाचक