काकू, तुम्ही मला पेले विसळायला दिलेत

प्रिय काकू,
जय ख्रिस्त.

तुमच्या-माझ्या घरात वास्कोची एक चढण आणि मासळीबाजार, एवढंच अंतर. समोर येऊन बोलता आलं असतं. पण समोर आले की तुम्ही ‘पुरे गं’ म्हणून चहा टाकायला उठता आणि माझं राहून जातं. शिवाय हे तुमच्या एकटीने वाचून भागणारं नाही, आपल्या चर्चच्या मंडळीतल्या इतर बायकांनीही वाचावं असं मला वाटतं. तुमचं नाव घालत नाही. ‘माझं नाव कुठं आलं तर बघ’ असा दम तुम्ही आधीच भरून ठेवलाय.

विधवा बाईलाही वासना असते. लिहिलं एकदाचं.

यांना जाऊन काही वर्षं झाली. मी चाळिशीच्या अलीकडची. मुलगा शाळेत, वेर्ण्याला नोकरी, रविवारी उपासना, शनिवारी महिला मंडळ. बाहेरून बघणाऱ्याला माझं आयुष्य इस्त्री केलेलं दिसायचं. कंपनीतले एक गृहस्थ, लग्न झालेले, वास्कोलाच राहणारे, संध्याकाळी गाडीतून सोडायला लागले. त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही, हात लावला नाही. दोष द्यावा असं त्यांच्यात काही नव्हतं. पण पावसात काचा बंद असायच्या, दाबोळीच्या वळणावर गाड्या तुंबायच्या, आणि गिअरवरचा त्यांचा हात बघताना माझ्या अंगातून जे सरसरत जायचं ते मला ओळखीचं होतं. ते संपलं असं मी धरून चालले होते. घरी येऊन मुलाचं जेवण वाढायचं, अभ्यास घ्यायचा आणि दिवा मालवला की तोच हात डोळ्यांपुढे. शास्त्र उघडलं तरी ओळी पुढे सरकायच्या नाहीत.

तुमच्याकडे मी उशिरा आले, आधी जायला हवं तिथे जाऊन आले होते. पूर्वीच्या मंडळीतल्या पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकांच्या पत्नीला, सांगितलं. त्यांनी माझे हात हातात घेतले, डोळे पुसले, म्हणाल्या, ‘हे तुझ्यामाझ्यात.’ बुधवारच्या प्रार्थनासंगतीत विषय आला: ‘आपली एक विधवा बहीण देहाच्या मोहात आहे, तिला उचलून धरू या.’ त्या मंडळीत विधवा दोनच. दुसऱ्या आजी ऐंशीच्या घरातल्या! मग संडे स्कूलचा माझा वर्ग ‘तुला जरा विश्रांती’ म्हणून काढून घेतला. नवऱ्यासोबत येणाऱ्या बायका नवऱ्याच्या आणि माझ्या मधे बसायला लागल्या. बाहेरून आलेल्या एका सुवार्तिकाने तर माझ्या डोक्यावर हात ठेवून व्यभिचाराच्या आत्म्याला निघून जायची आज्ञा केली, माईकवरून. निघणार कोण? आत मीच होते.

शेजारच्या कॅथलिक वहिनींचा तेव्हा मला हेवा वाटायचा. ‘आमकां कुमसार आसा मगो,’ त्या सहज म्हणतात. कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली. जाळीच्या आड पाद्री बसतो, आणि ऐकलेलं त्याने बाहेर फोडलं तर चर्चचा कायदा त्यालाच बहिष्कृत करतो. आम्ही प्रोटेस्टंट मोठ्या अभिमानाने सांगतो की आम्हाला मध्यस्थ नको, आम्ही थेट देवाशी बोलतो. खरंय. पण देवाशी बोललेलं बोलून झाल्यावर एखाद्या माणसाशी बोलावंसं वाटतं, त्याची सोय आम्ही काय केलीय? प्रार्थनेचा विषय!

आणि उपदेशांत तरी आमची वासना कुठे येते? योसेफाला गळ घालणाऱ्या पोटीफराच्या बायकोत. दलीलेत, ईजबेलीत. म्हणजे बाईला इच्छा झाली की ती खलनायिकाच. डोंगरावरच्या प्रवचनातलं ते वचन, कामेच्छेने स्त्रीकडे पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे, त्यावर पुरुषांसाठी खास शिबिरं होतात. पोरांना मोबाइलबद्दल सावध करतात, एकमेकांना हिशोब द्यायला जोड्या लावतात. बायकांच्या शिबिरात मात्र आदर्श गृहिणी, मुलांचं संगोपन आणि अंगभर पदर. आपल्यामुळे पुरुषाला मोह होऊ नये एवढीच आपली जबाबदारी. आपल्यालाही तो होतो हे गृहीतच नाही. मग जिला होतो तिला वाटतं, जगात ही घाण माझ्या एकटीच्याच डोक्यात आहे.

तुमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी तुम्ही सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, बसले असते तर धीर सुटला असता. तुमचा हात थांबला नाही. डोकं मोडायचं, साल काढायचं, पाठीवरचा काळा दोरा ओढायचा, भांड्यात टाकायचं. माझं संपल्यावर म्हणालात, ‘मग?’ मला काही सुचेना. तुम्हीच पुढे, ‘मिरजेला मी नर्सिंग शिकले, जन्मभर देहच बघितलेत. नवरा गेला म्हणून बाईचं अंग त्याच्याबरोबर पुरत नाहीत. पाट घे, बस.’

मग तुम्ही योसेफाची गोष्ट काढलीत आणि मला धस्स झालं, आता मी पोटीफराची बायको होणार म्हणून. पण तुम्ही म्हणालात, ‘तू योसेफ हो. तो काय तिथं प्रार्थना करत बसला नव्हता. झगा तिच्या हातात सोडून पळाला. उद्यापासून कदंबाच्या बसने ये. उभं राहावं लागेल, पाय दुखतील, दुखू देत.’ इतक्या वर्षांत योसेफाच्या जागी बाई उभी करून दाखवणारं मला कोणी भेटलं नव्हतं.

रूथचंही तसंच. आमच्याकडे तिच्यावर उपदेश म्हणजे पहिला अध्याय: तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. तिथे गाडी थांबते. तुम्ही हात धुऊन शास्त्र आणलंत आणि तिसरा अध्याय वाचायला लावलात. तरुण विधवा. तिला सासूच सांगते, न्हा, तेल लाव, चांगली वस्त्रं घाल आणि बवाजाच्या खळ्यावर जा. रात्री ती त्याच्या पायांशी जाऊन निजते, आपल्याला पदराखाली घे म्हणते. तो तिला हाकलत नाही, गैरफायदाही घेत नाही. भिऊ नको, तू सद्गुणी आहेस हे गावाला ठाऊक आहे, म्हणतो. सकाळ झाल्यावर वेशीपाशी वडीलधाऱ्यांसमोर बसून रीतसर मार्ग काढतो. ‘तिने मनातलं बोलून दाखवलं आणि पुस्तकाने तिला वाईट ठरवलं नाही, मग ही पाळकीण कोण लागून गेली?’ असं तुम्ही म्हणालात. (पाळकीणबाई हे वाचत असतील तर शब्द काकूंचे आहेत, पण मी ते खोडणार नाही.)

प्रेषित पौलाचंही तुम्हीच दाखवलंत. नवऱ्याने बायकोला तिचा हक्क द्यावा, असं तो करिंथकरांना सरळ लिहितो, म्हणजे बायकोलाही इच्छा असते हे त्याला पहिल्या शतकात माहीत होतं. जळत राहण्यापेक्षा लग्न बरं, हे तर तो विधवांचं नाव घेऊनच म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात तरुण विधवांनी लग्न करावं असंही आहे. एवढं सगळं छापलेलं असून मला त्यातलं काही व्यासपीठावरून ऐकायला मिळालं नाही. माझ्या लग्नाचा विषय तुम्ही त्यानंतर दोनदा काढलात. काकू, तिसऱ्यांदा काढा, मी ऐकते आहे.

पण आभार मानायचेत ते या शहाणपणाचे नाहीत. ते आहेत पेल्यांचे.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. उपासना सुटली, लोक अंगणात चहाला गेले, मी मागच्या मागे सटकत होते. पूर्वीच्या मंडळीत सांगितल्यानंतर पहिल्या रविवारी काय होतं ते मला पाठ होतं. तुम्ही वेस्ट्रीच्या, चर्चमागच्या खोलीच्या, दारातून हाक मारलीत. हातात ट्रे. बोटभर उंचीचे काचेचे ते पेले, तळाशी द्राक्षरसाचा एकेक लाल थेंब सुकायला आलेला. ‘हे विसळून दे. मला वाकवत नाही आज.’ वाकवत नाही म्हणे! घरी वाकून फरशी पुसता तुम्ही. आणि त्या पेल्यांना तुम्ही कुणाला हात लावू देत नाही हे साऱ्या मंडळीला माहीत आहे.

मी सिंकपाशी उभी राहून एकेक पेला धुतला. करंगळीला फडकं गुंडाळून आत फिरवावं लागतं, नाहीतर तळ निघत नाही. तुम्ही शेजारी उभ्या राहून कोरडे करत होता. एक उचलून खिडकीच्या उजेडात धरलात आणि माझ्यावर खेकसलात, ‘हा बघ, डाग तसाच! नीट बघून धू जरा.’ काकू, त्या ओरडण्याने मला जे मिळालं ते कुठल्या हात ठेवून केलेल्या प्रार्थनेने मिळालं नव्हतं. माझं कळल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात, कीव केल्यासारखे बोलायचे. माझ्यावर कुणी खेकसेनासंच झालं होतं. तुम्ही मात्र माझं सगळं ऐकून पुन्हा पहिल्यासारख्या खेकसलात, तेही प्रभूच्या मेजावरचे पेले माझ्या हातात देऊन.

मंडळाची सहल जुन्या गोव्याला गेली तेव्हाचं आठवतं? बाकीच्या बॉम जेझू चर्चच्या रांगेत होत्या, आपण दोघी धापा टाकत मोन्ते सांतोच्या टेकडीवर. संत ऑगस्टीनच्या चर्चचा तो मोडका जांभ्याचा मनोरा, छेचाळीस मीटरचा, आणि पलीकडे सांता मोनिकाचा मठ, १६०६ साली नन्ससाठी बांधायला घेतलेला. मोनिका ऑगस्टीनची आई, हे तुम्हीच सांगितलंत. ‘यानं तरुणपणी प्रार्थना केली, देवा मला शुद्ध कर, पण इतक्यात नको. लिहूनही ठेवलं. तरी एवढा मनोरा,’ तुम्ही मान वर करून म्हणालात. मग मठाच्या जाड भिंतींकडे बघून, ‘हेच तिथल्या एखादीनं लिहिलं असतं तर?’ आणि खाली उतरून मला उसाचा रस पाजलात.

त्या गृहस्थांनाही इथेच धन्यवाद देते. ‘मला आता बस बरी पडते’ म्हटल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, ‘बरं’ म्हणाले, आणि पुन्हा कधी विचारलं नाही. काही समजलं असेल, नसेल. अशी माणसं असतात, समजलं तरी मिरवत नाहीत. शेजारच्या वहिनीही त्यातल्याच. त्या दिवसांत माझे सुजलेले डोळे बघून काही न विचारता सान्नांचं ताट दारात ठेवून गेल्या होत्या. आमच्यातल्या साक्ष देणाऱ्यांपेक्षा अशांच्या जिवावर जग चाललंय असं माझं मत झालंय.

वासना गेली का? नाही गेली. रात्री अजून येते. पण आता तिच्याबरोबर लाज येत नाही, आणि लाज नसली की निम्मा जोर ओसरतो. उठते, पाणी पिते, जे वाटतंय ते तसंच्या तसं देवाला सांगते, झोपते. कधी झोप लागत नाही, मग तुम्हाला मेसेज टाकते आणि तुमचं सकाळी उत्तर येतं, ‘वाचलं. भाजीला काय केलंस?’

आता एक काम. मंडळातली एक मुलगी परवा माझ्यापाशी रडली. हॉस्पिटलात नोकरी करते, लग्न ठरायचंय. मोबाइलवर काय बघते ते तिने मला सांगितलं. आपण नरकात जाणार अशी तिची खात्री झाली आहे. मी ऐकून घेतलं, कुणाला बोलले नाही. पण योसेफ आणि रूथ मला तुमच्यासारखे सांगता येत नाहीत. तिला मंगळवारी संध्याकाळी तुमच्याकडे पाठवतेय. घाबरलेली आहे, दारातूनच परत फिरेल, तेव्हा दार उघडंच ठेवा. आणि त्या दिवशी सुंगटं नकोत, तिला ॲलर्जी आहे.

तुमची,
वेर्ण्याच्या कदंबाला लोंबकळणारी