काढता-घालता येणारी नव्हे, आपोआप पडणारी चौकट: पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

कोथरूड, पुणे
4 जुलै 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
खिडकी सजावट विभाग

विषय: काचेवर चुंबकाने बसणाऱ्या शोभेच्या चौकटींबाबत तक्रार

महोदय / महोदया,

तुमच्या कस्टमर केअरशी बोलून काही निष्पन्न होत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तिथला मुलगा नम्र आहे, पण दर वेळी त्याचं एकच पालुपद: "मॅडम, तुमच्या काचेतच प्रॉब्लेम आहे." माझी काच कशी आहे हे मी पैसे भरण्याआधी तुम्हाला लेखी कळवलं होतं. तरीही तुम्ही माल विकलात, ही माझी मुख्य तक्रार. बाकीचं सगळं त्यातून आलं.

मार्चअखेरीस तुमच्या वेबसाइटवरून मी तीन खिडक्यांसाठी चौकटींचे संच मागवले: हॉलची मोठी सरकती खिडकी, बेडरूमची आणि स्वयंपाकघराची. फिटिंगसह 14,800 रुपये आगाऊ भरले. आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली. जुन्या घराला सागवानी खिडक्या होत्या, एकेका झडपेत सहा तावदानं. आता सातव्या मजल्यावर भिंतभर कोरी काच आहे. पूर्वी तावदानं लहान असायची ती काही हौसेपोटी नव्हे, मोठी काच सहजी मिळायची नाही आणि परवडायचीही नाही म्हणून, हे मला ठाऊक आहे. पण डोळ्यांना तीच सवय, म्हणून कोऱ्या काचेवर तशाच तावदानांचा भास देणाऱ्या तुमच्या चौकटी हव्या होत्या. सोसायटीच्या नियमाप्रमाणे बाहेरून काही ठोकता येत नाही, आणि फ्रेमला भोक पाडलं तर खिडकीवाल्याची वॉरंटी जाते. अशा माणसाला तुमची जाहिरात पटणारच: "भोक नाही, स्क्रू नाही, डाग नाही. काढा, पुसा, परत लावा. कोणत्याही खिडकीला चालते." पुण्यातली धूळ बघता "काढा, पुसा" हे शब्द मला सगळ्यात जास्त आवडले होते.

ऑर्डरच्या फॉर्ममध्ये तुम्हीच काचेचा प्रकार विचारता. मी हॉल आणि बेडरूमसाठी "डबल ग्लास" निवडलं. जाडीच्या रकान्यात बिल्डरच्या कागदावरून उतरवलं: 5 मिमी काच, मध्ये 12 मिमी पोकळी, पुन्हा 5 मिमी काच, एकूण 22 मिमी. स्वयंपाकघराची काच एकेरी, 5 मिमी. खिडक्या सरकत्या आहेत हेही लिहिलं, फोटो जोडले. फॉर्म गेला, पैसे गेले, बिल आलं. मधे कोणी फोन करून साधी शंकासुद्धा विचारली नाही. मग तो रकाना ठेवला तरी कशाला?

आता तुमच्या मालाबद्दल. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची चौकट काचेच्या आतल्या बाजूने लावायची. जिथे उभी-आडवी पट्टी एकमेकींना छेदते तिथे मागे एक गोल चुंबक. त्याचा जोडीदार काचेच्या बाहेरून. दोघे एकमेकांना ओढतात आणि त्या ओढीवर चौकट तोलून धरली जाते. मधे एकेरी काच असेल तर हे कसंबसं जमतं. पण चुंबकाची ओढ अंतर वाढलं की झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झालं तर ओढ निम्म्यावर थांबत नाही, त्याच्या पुष्कळ खाली जाते. आणि इथे 5 मिमीचे थेट 22 मिमी झालेले.

तुमच्या इंजिनिअरला हे सांगायला लागू नये, पण कस्टमर केअरला पटेना म्हणून मी घरीच करून पाहिलं. हिशेबाच्या वह्यांची 5 मिमी गड्डी घेतली, काचेसारखी उभी धरली, दोन्हीकडून तुमचे चुंबक लावले. एका चुंबकाला दोरा बांधून घराच्या किल्ल्यांचा जुडगा अडकवला. राहिला लटकून. मग वह्या वाढवत पट्टीने मोजून 22 मिमीची गड्डी केली. चुंबक नुसता लावला तर आपल्या जागी बसून राहतो, बघणाऱ्याला वाटावं सगळं ठीक आहे. पण जुडग्यातली एकच किल्ली दोऱ्याला अडकवली आणि तो सरसर खाली आला. तुमची हॉलची एक चौकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर 740 ग्रॅम भरली. तिला आठ चुंबक आहेत. हिशेब तुम्हीच करा.

खोक्यावर छापलंय की प्रत्येक चुंबक 2 किलो पेलतो. हा आकडा जाड लोखंडाला थेट चिकटलेला चुंबक सरळ उपटून काढण्याचा असतो. गुळगुळीत काचेवरून खाली घसरायला त्याच्या कितीतरी कमी वजन पुरतं, आणि चौकट काही काचेतून कोणी उपटत नाही, ती घसरतेच. ज्या आकड्याचा ग्राहकाच्या वापराशी संबंध नाही तो ठळक अक्षरांत छापणं ही दिशाभूल आहे, दुसरा शब्द मला सुचत नाही.

फिटिंगची कथा वेगळी. तुमची परतीची मुदत डिलिव्हरीपासून 10 दिवस, आणि तुमचा माणूस फिटिंगला आला तोच मुदत उलटून गेल्यावर. म्हणजे खोकं उघडून माल लागतो की नाही हे कळण्याआधीच परत करण्याचा हक्क संपला. आल्यावर त्याने हॉलच्या खिडकीशी बराच वेळ झटापट केली. चौकट वर लावावी, हात काढावा, ती खाली बसावी. एकदा दोन चुंबक एकमेकांवर असे आदळले की त्याचं बोट चिमटलं आणि एका चुंबकाचा टवका उडाला. शिवाय खिडकी सरकती, दोन शटरांमध्ये जागा ती किती! बाहेरचे चुंबक दुसऱ्या शटरला अडायला लागले आणि खिडकी अर्ध्यावर अडकली. वारा बंद करून शोभा करायची वेळ आली.

शेवटी त्या बिचाऱ्याने बाहेरचे चुंबक काढून पिशवीत टाकले आणि आतून काचेला डबल टेपने लोखंडी पट्ट्या डकवून त्यांवर चौकट लावली. "आता हलणार नाही, काकू." खरंच, चौकट पट्टीपासून हलली नाही. पट्टीच काचेवरून हलली. खिडकी पश्चिमेला आहे, एप्रिल-मेची दुपारची उन्हं थेट काचेवर. टेपचा गोंद मऊ पडला आणि पट्ट्या चौकटीसकट खाली उतरत गेल्या, मागे करड्या गोंदाचा ओघळ ठेवून. पाऊस सुरू झाल्यावर त्याच पट्ट्यांना गंज चढला, त्याचे तांबूस डाग पांढऱ्या चौकटीवर. "डाग नाही" म्हणणाऱ्या कंपनीने हे फोटो जरूर पाहावेत, सोबत पाठवते आहे.

यावर तुमच्या ईमेलमध्ये उत्तर आलं की उन्हामुळे चुंबकाची शक्ती कमी होते, ती नैसर्गिक झीज आहे, वॉरंटीत बसत नाही. हे धादांत खोटं आहे. तुमच्याच पत्रकानुसार हे निओडिमियम चुंबक आहेत. त्यातला साधा प्रकारसुद्धा साधारण 80 अंश सेल्सिअसपर्यंत टिकतो. पुण्याच्या उन्हात खिडकीची काच तितकी तापत नाही. तोच चुंबक आज फ्रिजच्या दाराला लावला तर नखाने सुटत नाही. चुंबक ठणठणीत आहे, गोंद गेला. आणि गोंद मी मागवला नव्हता.

बेडरूमला मात्र तुमच्या माणसाने मूळ पद्धतीनेच चौकट लावून ठेवली होती. तीही घसरली, आणि चौकट घसरली की बाहेरचा जोडीदार सुटतो. सातव्या मजल्यावरून! त्यातला एक वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर पडला. पत्र्याला मात्र तो इतका पक्का चिकटलाय की वॉचमनने ढोसून पाहिलं तरी निघेना. जाहिरातीत दाखवायला चांगला नमुना आहे. हसण्यावारी नेलं, पण खाली मुलं सायकली फिरवतात. स्वयंपाकघराची एकेरी काच, तिथली चौकट टिकली म्हणावी, तर शटर जरा जोरात लावलं की बोटभर खाली येते.

आता ज्या कारणासाठी मी सगळे संच उतरवून ठेवले ते. आतल्या बाजूचे चुंबक प्लॅस्टिकच्या खोबणीत नुसते गोंदाने बसवलेत. बेडरूमची चौकट पडली तेव्हा त्यातले काही सुटे झाले. माझा नातू दीड वर्षाचा आहे. त्याची मूठ उघडून मी एक चुंबक काढून घेतला. असे दोन चुंबक मुलाच्या पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन घड्या मधे पकडून एकमेकांना चिकटतात, आतड्याला भोक पडू शकतं आणि ऑपरेशनची वेळ येते. नेहमीच्या गिळलेल्या नाण्यासारखी ही गोष्ट नाही. दुसरं, ह्यांना पेसमेकर आहे. डॉक्टरांनी ताकदवान चुंबक छातीपासून किमान 15 सेंटिमीटर लांब ठेवायला सांगितले आहेत. पडलेली चौकट उचलून छातीशी धरणं ही किती साधी गोष्ट आहे! तुमच्या खोक्यावर, पत्रकात, वेबसाइटवर या दोहोंबद्दल एक ओळ नाही. चौकटीचा रंग कसा पुसावा यावर मात्र अर्धं पान आहे.

माझ्या मागण्या अशा. 14,800 रुपये पूर्ण परत हवेत, फिटिंगचे धरून. क्रेडिट नोट, कूपन किंवा "पुढच्या खरेदीवर सूट" यातलं काही नको. पुढची खरेदी होणार नाही. "मापाप्रमाणे बनवलेला माल परत घेत नाही" ही अट मला लावू नये, कारण माप मी बरोबर दिलं होतं आणि माल त्या मापाच्या काचेला चालत नाही. काचेवरचा गोंद तुमच्या खर्चाने साफ करून द्यावा. पात्याने खरवडू देणार नाही, ओरखडे पडतात. योग्य ते द्रावण आणावं. आणि "कोणत्याही खिडकीला चालते" हे वाक्य जाहिरातीतून काढून डबल काच आणि सरकत्या खिडक्यांची अट स्पष्ट लिहावी, लहान मुलं आणि पेसमेकर यांबद्दलची सूचना खोक्यावर मराठीत आणि हिंदीतही छापावी. या शेवटच्या दोन गोष्टींचा मला एक रुपयाचा फायदा नाही, तरी पैशांइतकाच माझा त्यांवर आग्रह आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खालच्या ई-कॉमर्स नियमांनुसार (2020) तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. आधीच्या ईमेलला पोच म्हणून जे आलं ते आपोआप जाणारं "आपले समाधान हेच आमचे ध्येय" होतं. ती पोच मी धरत नाही. महिन्याभरात पैसे आले नाहीत तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि पुढे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तुमचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असल्याने काही बिघडत नाही, ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फीही नाही. तिथे नुकसानभरपाई आणि खर्च वेगळा मागेन.

सगळे संच, सुट्या झालेल्या चुंबकांसह, खोक्यात भरून माळ्यावर ठेवले आहेत. चुंबक मोजून डबीत घातलेत. एक कमी भरेल, तो केबिनच्या पत्र्यावर आहे, तुमच्या माणसाने शिडी घेऊन यावं. सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर यावं, दुपारी ह्यांची झोपायची वेळ असते. येण्याआधी फोन करावा.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, भरलेल्या ऑर्डर फॉर्मची प्रत, बिल्डरच्या कागदावरील काचेचा तपशील, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तुमच्या ईमेलची प्रत, खिडक्यांचे आणि वह्यांच्या गड्डीचे फोटो.