सूचना : मुंबईहून खाऱ्या पाण्यातील मासे आणणाऱ्या सभासदांसाठी

कसारा घाटमार्गे नाशिकला मासे आणताना पिशव्या थर्माकोलच्या बंद खोक्यातच ठेवाव्यात. घरी आल्यावर दिवा बंद करून पिशवी न उघडता विलगीकरणाच्या टाकीत (नवे मासे आधी वेगळे ठेवण्याच्या टाकीत) २० मिनिटे तरंगत ठेवावी. पिशवी उघडताच पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पीएच) वाढतो आणि वाटेत साचलेला अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून एवढ्या प्रवासानंतर तासन्‌तास मासा बादलीत ठेवून त्यात थेंबाथेंबाने टाकीचे पाणी सोडत बसू नये. माझा एक मासा असाच, कल्ले भराभर हलवत, बादलीच्या तळाशी आडवा झाला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. त्यापेक्षा विक्रेत्याच्या पाण्याची क्षारता (मिठाचे प्रमाण) आदल्या दिवशीच विचारून विलगीकरणाच्या टाकीत तेवढीच राखावी व पिशवी उघडल्यावर मासा लगेच सोडावा. पिशवीतील पाणी मात्र टाकीत ओतू नये.