काकू, या वेळी मी प्लास्टिक उघडलं नाही

प्रिय काकू,

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवता आलं असतं. पण घरी हौसेने केक करून, तो फ्रीझरमध्ये टाकून, नंतर कपाळाला हात लावणारी मी काही एकटीच नसणार. म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय.

त्या रात्री दहा वाजता मी फोन केला तेव्हा तुम्ही झोपायच्या तयारीत होतात. लेकीचा वाढदिवस मंगळवारी, सोमवारी मला घरी यायला मध्यरात्र होणार, म्हणजे केक शनिवारीच भाजून ठेवणं भाग होतं. आदल्या वर्षी असाच आधी करून ठेवलेला स्पंज तीन दिवस फ्रीजमध्ये राहिला आणि कोरडाठाक झाला. मी ओव्हनला बोल लावला, मग रेसिपीला. या वर्षी शहाणपणा करून आधी एक छोटा केक फ्रीझरमध्ये घालून पाहिला, तर बाहेर काढल्यावर तासाभरात त्याचा वरचा थर बोटाला चिकटायला लागला. फोनवर मी जवळजवळ रडतच होते.

तुम्ही सल्ला द्यायच्या आधी प्रश्न विचारलेत. गार झाल्यावर गुंडाळलास का? कशात? बाहेर काढल्यावर आधी काय केलंस? "लगेच प्लास्टिक काढलं," असं मी म्हटलं आणि तुम्ही एवढंच म्हणालात, "तिथेच फसलीस."

मग तुम्ही जे सांगितलंत ते आजवर मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्या हवेतली वाफ थंडगार वस्तूवर पाणी होऊन बसते. ती कुठे तरी बसणारच, मग ती केकवर बसू द्यायची की प्लास्टिकवर, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून आवरणासकट बाहेर ठेवायचं. आधी प्लास्टिकवर थेंब जमतात. ते आपोआप वाळले की समजायचं, केकचा गारठा पुरेसा उतरलाय, आता उघडायला हरकत नाही. घड्याळापेक्षा हे थेंब जास्त खरं बोलतात, हे तुमचं वाक्य मी विसरणार नाही.

फ्रीजचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. माझी समजूत अगदी उलटी होती: फ्रीजमध्ये केक टिकतो, फ्रीझरमध्ये त्याची वाट लागते. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन मऊ होतो आणि नंतर हळूहळू परत आवळत जातो. शिळेपणाचा कडकपणा मुख्यतः त्यातूनच येतो. हे आवळणं शून्याच्या जरा वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकं फ्रीजच्या कप्प्यात, सगळ्यात वेगाने होतं. उणे १८ अंशांना ते जवळपास थांबतं. म्हणजे साधा स्पंज एक-दोन दिवसांसाठी झाकून बाहेर, त्यापुढे थेट फ्रीझरमध्ये.

शनिवारी मग सगळं तुमच्या शब्दाप्रमाणे केलं. केक जाळीवर पूर्ण गार होईपर्यंत थांबले, कारण आत कोंडलेल्या वाफेचा बर्फ होतो आणि केक बाहेर काढल्यावर त्याचंच पाणी. दोन्ही थर वेगवेगळे, क्लिंग फिल्मचे, म्हणजे त्या पातळ चिकट प्लास्टिकचे, दोन वेढे अगदी अंगाला चिकटवून, वर फॉइल. हवा राहिली की केकमधला ओलावा बर्फातूनच थेट उडून जातो आणि कडा पांढरट, कोरड्या पडतात. शिवाय लोणी आजूबाजूचे वास पटकन ओढून घेतं, हे मला आधीच्या एका लसणाच्या वासाच्या केकने शिकवलं होतं. (तो कुणी खाल्ला ते विचारू नका.) वर तारीख लिहिली आणि केक दारापासून लांब, मागच्या बाजूला सपाट ठेवला.

मंगळवारी पहाटे पाचला बाहेर काढला. अर्ध्या तासात प्लास्टिक घामाने डबडबलं. काकू, हात शिवशिवत होते! चहा केला, प्यायले, परत येऊन बघितलं, थेंब होतेच. दीडेक तासाने प्लास्टिक कोरडं झालं आणि आतून निघालेला केक हाताला गार, पण ओला अजिबात नाही. तुम्ही म्हणाला होतात तसा अजून आतून जरा घट्टच होता, त्यामुळे वरचा फुगवटा सुरीने सरळ कापला गेला आणि बटरक्रीम लावताना चुरा सुटला नाही. ताज्या केकवर मला हे कधीच जमलं नव्हतं.

त्यानंतर तुम्हाला किती छळलं! बटरक्रीम आणि गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं आयसिंग) फ्रीझरमध्ये ठीक. आधी उघडाच ठेवून वरचं आयसिंग दगडासारखं होऊ द्यायचं, मग गुंडाळायचं. कस्टर्डचं सारण नको, पाणी सोडतं. ताजी फळं नकोत, बर्फाने त्यांच्या पेशी फाटतात आणि लगदा होतो. क्रीमचा किंवा चीजचा केक फ्रीझरमधून काढून रात्रभर फ्रीजमध्येच मऊ होऊ द्यायचा, ओट्यावर नाही. तीन महिन्यांपुढे ठेवू नकोस, असंही बजावलंत. मी एक तुकडा पाच महिने ठेवून पाहिला. बिघडला नव्हता, पण त्याला फक्त फ्रीझरची चव होती.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकत नाही. मायक्रोवेव्ह नको म्हणालात, आणि पूर्ण केकसाठी ते पटतं: बर्फापेक्षा पाणी कितीतरी लवकर तापतं, त्यामुळे कडा शिजतात आणि मधे गोळा तसाच राहतो. पण बटर पेपर मधे घालून ठेवलेला चॉकलेट केकचा एक तुकडा रात्री अकराला अर्धा तास बाहेर ठेवून मग दहाच सेकंद गरम केला, तर फार छान लागतो. रागावू नका.

त्या रात्री तुम्ही चाळीस मिनिटं जागलात, त्याबद्दल मनापासून आभार. लेकीने केकचा दुसरा तुकडा मागितला होता, हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

तुमची,
खालच्या मजल्यावरची