केतुबात दोघेही हवेत

महोदय,
ज्यू लग्नातला केतुबा हा अरामी भाषेतला करार. बायकोला अन्नवस्त्र द्यायचे, घटस्फोट झाला तर 200 झुझ (जुनी चांदीची नाणी), अशी नवऱ्याची बांधिलकी त्यात असते. जुन्या काळी बाईला हा मोठाच आधार होता. पण ‘गेट’, म्हणजे घटस्फोटाचा लेख, आजही नवराच देतो. त्याने अडवला की ती ‘अगुना’, म्हणजे अडकलेली!

अमेरिकेतील विदुषी रेचल ॲडलर यांनी म्हणूनच ‘ब्रित अहुविम’, म्हणजे प्रेमिकांचा करार, हा लग्नाचा वेगळा करार मांडला. त्याला आधार भागीदारीच्या जुन्या ज्यू कायद्याचा. लग्नात दोघे आपापली वस्तू एका पिशवीत टाकतात आणि ती पिशवी मिळून उचलतात. मला हे मनापासून पटते. आमच्या रायगडच्या बेने इस्रायली ज्यूंच्या लग्नांतही केतुबा वाचतात. तिथल्या मुलींपर्यंत ही माहिती पोहोचावी.

– एक वाचक, अलिबाग